उसाचं बेट

१७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन उरकलं की आमच्या बीडकडं उचलीच्या, म्हणजे ऊसतोडीसाठी मिळणाऱ्या आगाऊ पैशाच्या, गोष्टी निघतात. मुकादमाच्या चकरा वाढतात. दोनच दिवसांनी, १९ तारखेला, सेंट किट्स आणि नेव्हिस या कॅरिबियन देशाचा स्वातंत्र्यदिन येतो. १९८३ ला ब्रिटिशांच्या हातून सुटलेली ही दोन बेटं, सगळी मिळून २६१ चौरस किलोमीटर. आमचा तालुका त्याहून मोठा!

मला या देशाचा नाद लागला तो उसामुळं. आई-वडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे. पाचटानं हात चिरलेले, तरी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, सांजच्याला वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकायचं. सेंट किट्सच्या फडात हेच काम आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी केलं. तिथं उचल नव्हती, चाबूक होता. १८३४ ला गुलामगिरी कायद्यानं संपली, पण ऊस काही हटला नाही. ऊस वाहायला विसाव्या शतकात बेटाभोवती छोटी रेल्वे टाकली. २००५ च्या हंगामानंतर सरकारनं साखरधंदाच बंद केला. आता त्याच रुळांवरून पर्यटक फिरतात. आमच्याकडं असा कारखाना बंद पडला तर लोखंड भंगारात गेलं असतं.

बरं, स्वातंत्र्य मिळालं म्हणून घरची भांडणं मिटली असंही नाही. आधी यांच्याच जोडीला असलेलं अँग्विला बेट १९६७ लाच फुटून निघालं आणि ब्रिटिशांकडंच राहिलं. १९९८ ला नेव्हिसनंही वेगळं होण्यासाठी मतदान घेतलं. बहुमत मिळालं, पण लागणारे दोन तृतीयांश काही जमले नाहीत.