आजोबा कुठल्या चौकटीत होते

फ्रान्समधल्या आंगुलेम शहराच्या गाडीत शेजारच्या आजी कॉमिक वाचत होत्या. सत्तरीच्या पुढच्या. मी डोकावतोय हे कळल्यावर त्यांनी पान माझ्याकडे वळवलं, चिखलाने भरलेल्या खंदकावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "माझे आजोबा इथे होते."

पुस्तक फ्रेंच कॉमिककार झाक तार्दीचं, पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवरचं, १९९३चं. कृष्णधवल. यात शूरवीर वगैरे कोणी नाही. घाबरलेली, थंडीने गारठलेली साधी माणसं. तार्दीचे स्वतःचे आजोबाही त्या युद्धात होते. (२०१३ मध्ये फ्रेंच सरकारने तार्दीला 'लेजिऑन द ऑनर' हा तिथला सर्वोच्च सन्मान देऊ केला, तर या बाबाने चक्क नाकारला!)

मला फ्रेंच कॉमिक म्हणजे आस्टेरिक्स, एवढंच ठाऊक. आणि आमच्या घरी चित्रांची पुस्तकं फक्त मे महिन्यात, शाळा उघडली की "पुरे आता, अभ्यासाला लाग."

इथे या प्रकाराला नववी कला म्हणतात. सिनेमा सातवी. आंगुलेममध्ये तर रस्त्यांच्या नावाच्या पाट्यासुद्धा संवादाच्या फुग्याच्या आकाराच्या! १९७४ मध्ये तिथे कॉमिक्सचा महोत्सव सुरू झाला.

आजींनी उतरताना पुस्तक पर्समध्ये टाकलं, नातवाला द्यायचंय म्हणाल्या. तो सोळा वर्षांचा आहे, इतिहासाच्या पुस्तकाला हात लावत नाही, हे वाचेल.

आपल्याकडे घरातल्या मोठ्यांनी पाहिलेलं, १९७२च्या दुष्काळासारखं काही, असं चित्रांतून मोठ्यांसाठी सांगणारं मराठी पुस्तक कोणाला माहीत आहे का? मला वाचायचंय.