तिसऱ्यांच्या ताटाशेजारी म्युस्काडे

म्युस्काडे या फ्रेंच पांढऱ्या वाइनशी माझी पहिली भेट फसली होती आणि त्यात वाइनचा काहीही दोष नव्हता. पणजीतल्या एका दुकानातून घेतलेली ती बाटली दर्शनी काचेमागे, दुपारच्या उन्हात, किती महिने उभी होती कोण जाणे; घरी उघडली तेव्हा रंग गडद पिवळा झाला होता आणि चव चिरून ठेवलेल्या सफरचंदाच्या काळवंडलेल्या फोडीसारखी लागत होती. आपल्याकडच्या उकाड्यात अशी नाजूक वाइन बाहेर ठेवणे म्हणजे बाजारातून आणलेले नुस्ते, म्हणजे मासे, ओट्यावर विसरून जाण्यासारखेच आहे. गेल्या डिसेंबरात चुलतभावाने फ्रान्समधल्या नांतहून येताना दोन बाटल्या आणल्या, त्या मी आल्या आल्या फ्रिजमध्ये टाकल्या, आणि मग कुठे या वाइनची खरी चव कळली.

नांत हे शहर ल्वार नदीच्या मुखाजवळ, अटलांटिक महासागरापासून साधारण ५० किलोमीटरवर आहे. म्युस्काडेचे मळे प्रामुख्याने शहराच्या आग्नेयेला पसरलेले आहेत, आणि त्यांतल्या सर्वांत नावाजलेल्या पट्ट्याला सेव्र आणि मेन या दोन छोट्या नद्यांची नावे मिळाली आहेत. जमीन ग्रॅनाइट, नाइस, गॅब्रो अशा जुन्या कठीण खडकांची. हवा समुद्रावरून येणारी, दमट आणि थंड. द्राक्ष एकच, मलों द बुर्गोन्य. नावावरून कळते त्याप्रमाणे ते मूळचे पूर्व फ्रान्समधल्या बर्गंडीचे. म्युस्काडे या नावामुळे अनेकांना सुगंधी मस्कट द्राक्षाची आठवण होते, पण त्याचा येथे काही संबंध नाही. उलट सुगंधाच्या बाबतीत हे द्राक्ष अगदीच मितभाषी आहे.

ते इतक्या दूर का आले, याचे उत्तर थंडीत आणि दारूभट्टीत आहे. १७०९ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये इतकी भयंकर थंडी पडली की या भागातल्या द्राक्षवेली मोठ्या प्रमाणावर मेल्या. डच व्यापाऱ्यांना ऊर्ध्वपातनासाठी, म्हणजे भट्टीत गाळून कडक दारू करण्यासाठी, येथून स्वस्त, हलकी पांढरी वाइन हवीच होती. थंडीला तुलनेने दाद न देणारे मलों त्या मागणीला सोयीचे ठरले आणि नव्या लागवडीत त्याने जागा पटकावली. काजूच्या बोंडूचा नीरो (ताजा रस) थोडा पिऊन बाकीचा सगळा भट्टीकडे धाडणाऱ्या आम्हां गोंयकारांना ही हकिकत परकी वाटू नये. भट्टीसाठी वाढलेल्या या वाइनच्या सेव्र-ए-मेन पट्ट्याला १९३६ मध्ये अधिकृत उगमनामाचा, म्हणजे ते नाव फक्त त्याच भागातल्या वाइनला लावण्याचा, दर्जा मिळाला.

मितभाषी द्राक्षाला बोलके करण्याची तेथली युक्ती मला फार आवडते. आंबवण संपल्यावर मेलेले यीस्ट टाकीच्या तळाशी बसते. इतर पुष्कळ ठिकाणी वाइन लवकरच या गाळावरून काढून घेतात, येथे मात्र ती सबंध हिवाळा त्यावरच राहू देतात आणि मग न हलवता सरळ बाटलीत भरतात. लेबलावर ‘स्यूर ली’, म्हणजे ‘गाळावर’, असे लिहायचे असेल तर पुढच्या वर्षाच्या १ मार्चपूर्वी बाटली भरता येत नाही. त्या गाळातून वाइनला थोडा भरीवपणा येतो, ताज्या पावाचा पुसटसा वास येतो आणि जिभेवर कधीकधी हलकी चुणचुण राहते. माडाच्या सुरेने, म्हणजे माडीने, पीठ फुगवून पाव करणारे जुने पोदेर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा वास कुठून येतो हे वेगळे सांगायला नको.

आता जेवणाचे. नांतकडे ही वाइन कच्च्या कालवांबरोबर पितात. इथली कालवे कच्ची खाण्याचे धाडस मी केले नाही. म्हापशाच्या बाजारातून तिसऱ्यांचा एक वाटा आणला, आईने आदोळीवर (विळीवर) एकेक शिंपली उघडून मांसाची बाजू ठेवली, आणि त्यांच्याच खारट पाण्यात, चिमूटभर हळद आणि दोन मिरच्या टाकून त्या वाफवल्या. खोबरे नाही, सोलां (आमसुले) नाहीत. वाइनचा लिंबासारखा आंबटपणा आणि शेवटी जाणवणारी खारट धार तिसऱ्यांच्या पाण्याशी अशी जुळली की ताटातल्या लिंबाच्या फोडीला कोणी हात लावला नाही. रव्यात घोळवून तळलेल्या शिणाण्या नावाच्या शिंपल्यांबरोबर ती आणखी बरी लागली, कारण तेलकटपणा ती एका घोटात धुऊन नेते.

हुमणासमोर, म्हणजे आमच्या नारळातल्या माशाच्या कालवणासमोर, मात्र तिचे काही चालत नाही. नारळाचा गोडवा, तिरफळाचा झणका, सोलांचा आंबटपणा आणि सुक्या मिरचीची आग यांपुढे ती निव्वळ गार पाणी वाटते, आणि आंबट-तिख या आंबट, झणझणीत कालवणाबरोबर तर दोन आंबटांचे भांडणच लागते. सीफूड म्हटले की कोणतीही पांढरी वाइन चालते, हा हॉटेलांतला सल्ला म्हणूनच मला पटत नाही. मासा कोणता यापेक्षा त्यात खटास कशाची आहे, हे आधी विचारावे.

दुसऱ्या बाटलीतून उरलेल्या वाइनचा मी नांतचाच बर-ब्लां नावाचा सॉस करून पाहिला. बारीक कांदा, व्हिनेगर आणि वाइन आटवायची आणि त्यात थंड लोण्याचे तुकडे एकेक करून घुसळायचे, एवढाच तो प्रकार. तेथे तो नदीतल्या माशांवर घालतात, मी चणक माशाच्या वाफवलेल्या तुकड्यांवर घातला. व्हिनेगर अर्थातच सुरेचे वापरले. आच थोडी जास्त झाली, लोणी फुटले आणि सॉसच्या जागी पिवळ्या तुपाचे तळे झाले. आईने एक तुकडा खाऊन पाहिला आणि म्हणाली, “मासा बरा आहे रे, पण यात दोन सोलां टाकली असतीस तर?”