तुम्ही विचारलंत म्हणून: ओढायचं की कापायचं?

हनोईत राहून आले म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "व्हिएतनामी फार अवघड असेल ना? ते सूर वगैरे?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. सूर छळतातच, पण मला खरं घोळवलं ते एका साध्या क्रियापदानं. कॅओ. म्हणजे ओढणे.

उच्चार एका दमात, आवाज चढवत, "हो?" विचारल्यासारखा. आवाज सपाट राहिला की त्याचा गोंद होतो. खाली आणून तोडला की खायची गोळी. हळू उतरवला तर छपराची कैची. गंमत म्हणजे खरी कैची, आपली कात्री, तीही चढत्या सुरातली कॅओच. मंडईत भाजीवालीकडून मी कात्रीचा कॅओ आधी शिकले. मग एका दुकानाच्या काचेच्या दारावर तोच शब्द दिसला. मला वाटलं सलून. केस कापायचे होतेच, म्हणून दार ढकललं. हलेना. खांदा लावला. आतला माणूस हातानं ओढून दाखवत होता आणि मी त्याला केस दाखवत होते. ते औषधाचं दुकान निघालं.

त्यानंतर हा शब्द जागोजागी भेटायला लागला. टेबलाचा खण म्हणजे ओढायचा कप्पा. ट्रॅक्टर म्हणजे ओढायचं यंत्र. झेंडाही ओढूनच वर चढवायचा. व्हायोलिन 'ओढतात', कारण गज ओढावा लागतो. तारा छेडायच्या वाद्याला मात्र दुसरं क्रियापद. आपण सनईपासून तबल्यापर्यंत सगळं 'वाजवून' मोकळे होतो. सिगरेटचा झुरका दोन्हीकडे ओढतात, तिथे मला घरच्यासारखं वाटलं. घोरणारा माणूस तिथे 'लाकडं ओढतो'. आमच्या भिंतीपलीकडचे शेजारी रोज रात्री अख्खं जंगल ओढायचे.

'कॅओ को' म्हणजे रस्सीखेच. 2015 साली युनेस्कोनं व्हिएतनाम, कंबोडिया, फिलिपिन्स आणि दक्षिण कोरिया या चौघांची रस्सीखेच एकत्रच वारसा यादीत घेतली. हनोईच्या लाँग बिएन भागात चान वू देवळापाशी ती बसून खेळतात. मध्ये रोवलेल्या खांबाला भोक, त्यातून दोर, आणि दोन्हीकडचे गडी जमिनीला टाचा रोवून बसलेले.

पण जीव जडला तो 'कॅओ कॅओ'वर. पहिला कॅओ तोडलेला, दुसरा चढलेला: ओढलेली गोळी. साखरेचा पाक ओढून ओढून पांढराफट्ट करतात, पोटात भाजलेले शेंगदाणे भरतात. विक्रेता त्या जाड लोळीतून बोटभर तुकडा लांबवतो आणि झटक्यात मोडतो. दाताला चिकटते, तेव्हा तो गोंदाचा सूरही आठवतो.

या क्रियापदाला एकटं राहणं आवडत नाही. पुढे 'आत', 'बाहेर', 'लांब' असं काहीतरी लागतं. 1954 च्या जानेवारीत, फ्रेंचांविरुद्धच्या लढाईसाठी, दिएन बिएन फूच्या डोंगरांत व्हिएतनामी सैनिकांनी तोफा दोरांनी हातांनी ओढत चढवल्या, आणि त्यांचे सेनापती जनरल ज्यापांनी 26 जानेवारीला हल्ला पुढे ढकलल्यावर त्याच तोफा परत ओढून काढल्या. व्हिएतनामीत या दोन्ही कामांत फरक एका छोट्या शब्दाचा: कॅओ आत, कॅओ बाहेर. हल्ला सुरू झाला 13 मार्चला. शब्द बदलायला क्षण पुरतो, तोफ फिरवायला आठवडे.

माणसं घोळक्यानं आली तरी 'ओढत' येतात. ढगही. आमच्या घरमालकीणबाई, ज्यांना मी 'बाक' म्हणायचे (आईवडिलांहून मोठ्या माणसाला तिथे तसं म्हणतात), गच्चीतून ओरडायच्या, "ढग ओढत आले!" की मी वाळत घातलेले कपडे काढायला धावायचे.

एका जूनमध्ये गावाहून आईचा फोन आला, पावसानं ओढ दिलीय, पेरण्या खोळंबल्यात. माझा चेहरा बघून बाकनी विचारलं, काय झालं. मी भाबडेपणानं शब्दाला शब्द लावून सांगितलं: आमच्याकडे पाऊस ओढतोय.

"अरे वा," त्या म्हणाल्या, "मग आईला सांग, कपडे आत घे."