हम्पटा पास, जूनचा पहिला पंधरवडा: बर्फ किती यापेक्षा बर्फ कसा ते विचारा

मनालीजवळच्या हम्पटा पास या खिंडीच्या ट्रेकला निघायच्या आदल्या आठवड्यात संयोजकाचा व्हिडिओ आला. पासवरचे झेंडे, निळंभोर आकाश, ओळीने चाललेली माणसं आणि खाली एक ओळ: 'दोन फूट बर्फ, पायवाट पडली आहे, टेन्शन नाही.' दोन फूट खरे निघाले. बाकी सगळी थाप. याच दिवसांत जायचं ठरवत असाल तर आधी हे वाचा, मग पैसे भरा.

जोब्रा ते चिका आणि चिका ते बालू का घेरा या पहिल्या दोन टप्प्यांवर मी काही लिहिणार नाही. राणी नाल्याच्या काठाकाठाने जाणारी देखणी आणि सोपी वाट आहे, सह्याद्रीत नियमित चढणाऱ्याला काहीच जड जाणार नाही. फोटो हवे तेवढे मिळतील. ट्रेक काय तो बालू का घेरा ते पासपलीकडचा सियागोरूचा मुक्काम या एका दिवसाचा आहे, आणि त्यातही पासपासून खाली उतरण्याचा.

या दिवसाचं वेळापत्रकच मुळात उलटं आहे. सकाळी आरामात चहा-नाश्ता, सातनंतर कूच, बाराच्या आसपास पास (उंची ४,२७० मीटर), तिथे फोटो आणि डबा, मग एक-दीडला सियागोरूच्या बाजूने उतरायला सुरुवात. म्हणजे सर्वांत तीव्र उतार, सर्वांत दमलेले पाय आणि दिवसातला सर्वांत नासका बर्फ, तिन्ही एकाच वेळी. हे बदला असं आमच्या ट्रेक लीडरला आदल्या संध्याकाळी सांगून पाहिलं. उत्तर मिळालं, 'सर, किचनवाले इतक्या लवकर उठत नाहीत.'

झालं काय ते सांगतो. जूनमधला बर्फ जानेवारीसारखा भुसभुशीत नसतो. महिनोन्महिने दबून, वितळून, पुन्हा गोठून तो जड झालेला असतो. ताज्या बर्फाचं वजन घनमीटरला साधारण शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी, तर या दिवसांतला जुना बर्फ चारशे-पाचशे किलो भरतो. दोन फूट ताजा बर्फ वितळवला तर जेमतेम सहा सेंटिमीटर पाणी. जूनमधल्या दोन फुटांत ते पंचवीस-तीस सेंटिमीटर असतं. म्हणून नुसत्या उंचीचा आकडा ऐकून काहीही कळत नाही. सगळा थर शून्य अंशावर आलेला असतो, दिवसभर पाणी झिरपत खाली जातं आणि बर्फाच्या कणांना धरून ठेवणारं काही उरत नाही. रात्री वरचा थर गोठला तर पहाटे त्यावर फरशीसारखं चालता येतं. नाही गोठला तर पहाटेपासूनच चिखल.

आमच्या आदल्या रात्री ढग होते. तंबूत उबदार वाटत होतं आणि लोक खूश होते. मला तेव्हाच धाकधूक वाटायला हवी, असं कोणीतरी सांगायला हवं होतं. मोकळ्या आकाशाखाली बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो आणि हवा शून्याच्या थोडी वर असली तरी पृष्ठभाग गोठू शकतो. ढगांचं पांघरूण असलं की ती उष्णता परत खाली येते. तेव्हा गाइडला 'बर्फ किती आहे' हे विचारूच नका. 'काल रात्री गोठला का, आणि आपण उतारावर किती वाजता असू' एवढंच विचारा. उत्तर देताना तो घुटमळला तर समजून जा.

उतरण सुरू झाली आणि पहिल्या पन्नास पावलांतच पुढच्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला. पाय वर आला, बूट आतच राहिला. तो काढायला दोघं पोटावर आडवे पडले, तेव्हा त्या भोकातून खाली खळखळणारं पाणी स्पष्ट ऐकू येत होतं. 'पायवाट पडली आहे' म्हणतात ती हीच: आधीच्या लोकांच्या पावलांचे खड्डे, त्यांत करडं पाणी, आणि प्रत्येक खड्ड्याची कड पाय ठेवताक्षणी ढासळणारी. आमचा स्थानिक गाइड, ज्याच्या आइस अ‍ॅक्सच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती, एकटा पुढे राहून पायऱ्या खणत होता. सगळ्यांना खाली आणण्याचं श्रेय त्याचं. दोर? पॅकेजच्या यादीत होता. सॅकमध्ये नव्हता.

सर्वांत फसवी जागा म्हणजे मोठ्या दगडांच्या कडा. दगड तापतो आणि त्याच्या भोवतीचा बर्फ आतून पोकळ होतो, वरून मात्र पांढरा सपाट दिसतो. दमलेला माणूस टेकायला नेमका दगडाकडेच जातो. जाऊ नका, निदान काठी आत खुपसून पाहिल्याशिवाय नाही. उतारावर वरून आपोआप बर्फाचे छोटे गोळे गडगडत येऊ लागले, तर वरचा थर भिजून सुटायला आला आहे असं समजा आणि त्या उताराखाली जेवायला बसू नका. आमच्यातले बसले होते. हिमस्खलनं बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतात. या उतरणीचे काही टप्पे त्यात बसतील असे मला वाटले. मोजायला थांबण्याची माझी मनःस्थिती नव्हती.

आता मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटांवर चढवायचे टोकदार खिळे. मनालीत भाड्याने दिवसाला दीडशे मोजले आणि दुपारच्या मऊ बर्फात त्यांचा उपयोग शून्य. खाली ओल्या बर्फाचे गड्डे चिकटतात आणि पाय आणखी घसरतो. ते लागतात पहाटेच्या कडक बर्फावर. पहाटे निघणार नसाल तर पैसे वाचवा. गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून नडगीवर चढवायची आवरणं) मात्र स्वतःचे न्या. भाड्याच्या गेटर्सची चेन पहिल्याच दिवशी तुटते, आमच्यातल्या निम्म्यांची तुटली.

सियागोरूला पोचल्यावर सुटलो असं वाटतं, पण तिथे नदी आहे. वरचा सगळा बर्फ दिवसभर वितळून संध्याकाळी तिच्यातच उतरतो, म्हणून दुपारी-संध्याकाळी ती ओलांडायचा विचार कोणी मांडला तर सरळ नाही म्हणा. पहाटे पाणी उतरलेलं असतं. तेव्हाही ते इतकं थंड असतं की पलीकडच्या काठावर पाय आपलेच आहेत का याची खात्री करावी लागते. हातात हात धरून साखळी, सॅकचा कमरेचा पट्टा सोडलेला, सँडल घट्ट. अनवाणी जाऊ नका. कोपऱ्यात बर्फाचा पूल दिसतो आणि मोह होतो. त्याची कड पातळ, वाकलेली आणि खालून टपटपणारी असेल तर तिकडे पाहूही नका.

घरबसल्या काय कळू शकतं? बरंच. युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहांची चित्रं कोपर्निकस ब्राउझरवर फुकट मिळतात, साधारण पाच दिवसांनी नवीन, दहा मीटरपर्यंतच्या बारकाव्याची. निघण्याआधीचा महिना एकामागून एक बघा. ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे दिसून गोंधळ होतो, तेव्हा शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचा पर्याय निवडा, त्यात दोघांचे रंग वेगळे पडतात. पांढऱ्या पट्ट्यात नाल्याची काळी रेघ उमटायला लागली, की तिथले बर्फाचे पूल कोसळू लागलेत. मी परत आल्यावर आमच्या तारखांची चित्रं पाहिली. संयोजकाच्या व्हिडिओत जी बाजू पूर्ण पांढरी होती, तिथे काळ्या रेघा होत्या. व्हिडिओ जुना होता. पण या चित्रांतून बर्फ कुठे आहे एवढंच कळतं. किती खोल आणि कितपत घट्ट, ते नाही.

हिवाळ्यात किंवा मार्च-एप्रिलमध्ये या भागात जाणाऱ्यांनी चंडीगडच्या डीजीआरईचे हिमस्खलनाचे इशारे रोज बघावेत. संरक्षण खात्याची संस्था आहे, मनालीची जुनी 'सासे' २०२० मध्ये तिच्यातच विलीन झाली. इशारे जिल्हावार आणि उंचीनुसार असतात, त्यामुळे तुमच्या एका उतारावर काय चाललंय ते त्यावरून कळणार नाही, पण धोका वाढल्याचा इशारा असताना पासवर जाणारा गाइड नको एवढं नक्की कळेल.

गटातल्या एकाने काठमांडूच्या इसिमोड या पर्वतप्रदेशांवर काम करणाऱ्या संस्थेची बातमी पाठवली होती: २०२५ च्या हिवाळ्यात हिंदुकुश-हिमालयात बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्के कमी, तेवीस वर्षांतला नीचांक. त्यावरून 'यंदा बर्फच नाही' असा निष्कर्ष निघाला आणि दोघांनी साध्या स्पोर्ट्स शूजवर यायचं ठरवलं. तो आकडा अख्ख्या पर्वतरांगेचा, नोव्हेंबर ते मार्चचा. सावलीतल्या एका घळीला तो माहीत नसतो. स्पोर्ट्स शूजवाल्यांची बोटं सियागोरूला पांढरी पडली होती.

ट्रेक जिथे संपतो त्या छत्रूला पोचल्यावर पुढचा धक्का. बातलच्या पुढे चंद्रताल सरोवराचा रस्ता बर्फाने बंद, आणि हे आठवड्याभरापासून सगळ्यांना माहीत होतं. पॅकेजात मात्र चंद्रतालचे पैसे धरलेले, परताव्याचं नाव नाही. बुक करतानाच लेखी घ्या: रस्ता बंद असेल तर इतके परत. नाही दिलं तर दुसरा संयोजक बघा, मनालीत त्यांना तोटा नाही.

शिवाय जीपवाल्याने परतीला माणशी तीनशे 'रोहतांग परमिट'चे मागितले. गाडी ग्रांफूहून कोकसर करत अटल बोगद्यातून मनालीला आली. बोगद्याला परमिट लागत नाही, ते रोहतांगच्या घाटाने जाणाऱ्यांना लागतं. आम्ही अर्धा तास हुज्जत घातली आणि पैसे दिले नाहीत, तुम्हीही देऊ नका. बसण्याआधीच कोणत्या रस्त्याने जाणार ते विचारून घ्या, म्हणजे हुज्जतही वाचेल.

तारखांबद्दल माझं मत: जूनचा पहिला पंधरवडा टाळा. शेवटच्या आठवड्यात बर्फ निम्म्याहून कमी होतो आणि चंद्रतालचा रस्ताही बहुधा उघडलेला असतो, पण पाऊसही तोंडावर येतो. तरी पहिल्या पंधरवड्यातच जायचं असेल तर पहाटे तीनला निघणारा आणि सकाळी नऊच्या आत पास ओलांडणारा गट शोधा. नाश्ता सियागोरूला करा.