हवालदाराचं भाषण पाठ झालं तेव्हा

माझ्या नोकरीत गप्प बसायचे पैसे मिळतात. पुण्यात मोबाइल गेम बनवणाऱ्या एका कंपनीत मी प्लेटेस्ट घेते. म्हणजे बाहेरची माणसं बोलवायची, त्यांच्या हातात अर्धाकच्चा गेम द्यायचा आणि ती कुठे अडतात, कुठे वैतागतात, कुठे जांभई देतात ते लिहून काढायचं. मदत करायची नाही. "अहो, ते डावीकडचं बटण" हे ओठांवर आलेलं वाक्य गिळून टाकायचं. शेजारच्या खोलीत टीम मोठ्या स्क्रीनवर सगळं बघत असते. एक कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातांवर असतो, चेहऱ्यावर नाही. वैतागलेला माणूस परक्या ठिकाणी चेहरा सांभाळून असतो, पण त्याचा अंगठा काचेवर जोरजोरात आपटायला लागतो, आणि त्याच्या ते लक्षातही येत नाही.

त्या दिवशी नववी लेव्हल होती. गेमची गोष्ट साधी आहे. एका जासुदाला रात्रीतून खलिता गडावर पोचवायचा असतो. घाट चढायचा, ढासळलेल्या तटावरून उड्या मारत वर यायचं आणि दिंडी दरवाजापाशी मशाल घेऊन उभ्या असलेल्या हवालदाराला चकवून आत शिरायचं. चकवण्याआधी हवालदार भाषण करतो. "कोण आहे रे तिकडे? दिवेलागण झाली की दरवाजा बंद, ठाऊक नाही?" इथून जो सुरू होतो तो थांबतच नाही. हे संवाद आमच्या डिझायनरने स्वतः लिहिलेत, नाटकात काम करणाऱ्या एका मित्राकडून वदवून घेतलेत आणि खरं सांगायचं तर झकास झालेत. पहिल्यांदा ऐकताना.

सकाळी आला तो डिप्लोमाचा मुलगा. बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकांचा गेम खेळणारा, अंगठे तयार. घाट त्याने पळत पार केला आणि तटावर आल्यावर पडायला लागला. "ताई, मी दाबलं होतं उडीचं बटण." मी मान डोलावली. पुन्हा पडला. "दाबलं होतं हो मी!" शेजारच्या खोलीत प्रोग्रामरने लॉग, म्हणजे बटणं कधी दाबली त्याची नोंद, काढला आणि मला मेसेज टाकला, की कडा सुटल्यावर दोन-तीन फ्रेमनंतर दाबलंय, गेमचं बरोबर आहे.

गेमचं बरोबर होतं, आणि त्याचा उपयोग शून्य होता. टचस्क्रीनवर बटणाला उठाव नसतो, खेळणारा डोळ्यांनी कडा बघतो आणि अंदाजाने दाबतो. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. तो हिशेब माणसाला दिसत नाही, त्याला फक्त अन्याय दिसतो. म्हणून चांगल्या गेममध्ये कडा सुटल्यावरही काही फ्रेम उडी चालू ठेवतात. त्याला 'कायोटी टाइम' म्हणतात. कार्टूनमधला तो कोल्हा दरीवर पोचल्यानंतरही क्षणभर हवेत पळत राहतो, त्यावरून. २०१८ चा 'सेलेस्ट' हा गेम अवघड म्हणून गाजला, तरी त्यात ही सवलत आहे. शिवाय जमिनीला पाय लागण्याच्या किंचित आधी बटण दाबलं तर तो ते लक्षात ठेवून पाय टेकताच उडी मारतो. खेळणाऱ्याला यातलं काही कळत नाही, त्याला वाटतं आपला हात बसला. आमच्या गेममध्ये यातलं काहीच नव्हतं. तो मुलगा शेवटी वर पोचला आणि जाताना फॉर्मवर 'लॅग आहे', म्हणजे गेम उशिरा प्रतिसाद देतो, असं लिहून गेला. लॅग नव्हता. पण खेळणाऱ्याने दिलेलं कारण चुकीचं असलं तरी त्याची तक्रार बहुतेक वेळा खरी असते.

दुपारी आल्या त्या सहकारी बँकेत कॅशियर असलेल्या एक बाई. पन्नाशीच्या आसपास, चिंचवडहून लोकलने आलेल्या. टीमच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, या घाटातच संपणार. मी काही बोलले नाही. बाई वर्षानुवर्षं कँडी क्रश खेळतात हे मला त्यांच्या फॉर्मवरून माहीत होतं. त्यात पाच लाइफ मिळतात आणि गेलेली लाइफ अर्ध्या तासाने परत येते. पैसे काढायला लावायचा तो प्रकार आहे, पण बाईंनी त्यालाच कामाला लावलं होतं. म्हणाल्या, "पाच संपल्या की मी उठते नि डबे भरायला घेते. घड्याळ लागत नाही." असा माणूस हरण्याला घाबरत नाही. त्याला हरायची सवय असते.

आणि झालंही तसंच. तटावर त्या पुष्कळ पडल्या, पण प्रत्येक वेळी थोड्या पुढे जाऊन. जीभ दातांत धरून, एकेक कडा पाठ करत वर आल्या. हवालदारासमोर आल्या, भाषण ऐकलं, हसल्या सुद्धा. मग मशालीच्या उजेडात सापडल्या.

स्क्रीन काळी. जासूद पुन्हा घाटाच्या पायथ्याशी.

पुन्हा घाट, पुन्हा तट, पुन्हा भाषण. हवालदाराला चकवायची युक्ती म्हणजे खडा टाकून त्याचं लक्ष दुसरीकडे न्यायचं. हे त्यांच्या लवकर लक्षात आलं होतं, फक्त वेळ साधत नव्हती. ती साधायला सराव हवा आणि सरावाला हवालदार समोर हवा. तो समोर येईपर्यंत मात्र सगळी वारी नव्याने. पुढच्या एका खेपेला हवालदाराने तोंड उघडलं आणि बाई त्याच्याबरोबर म्हणायला लागल्या. आवाजात चढउतार नाही, बँकेत नोटा मोजताना आकडे म्हणावेत तसं, सपाट. "कोण आहे रे तिकडे. दिवेलागण झाली की दरवाजा बंद. ठाऊक नाही." आणि भाषणभर अंगठा स्क्रीनच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर टकटक करत होता. तिथे काहीही नव्हतं. स्किपचं बटण जिथे असायला हवं तिथे त्या सवयीने दाबत होत्या. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. नंतर कळलं, डिझायनर सोडून सगळे हसले होते.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गेम आम्ही मुद्दाम ज्याच्या त्याच्या फोनवर टाकतो, ऑफिसच्या चकचकीत फोनवर नाही. मुलगा विचारत होता, शिट्ट्या किती करायच्या. "तीन झाल्या की बंद कर," म्हणून त्यांनी फोन ठेवला. समोर काय, तर कंपनीचा लोगो. फोन जुना, रॅम कमी. कॉल आला तसं अँड्रॉइडने मागे गेलेला गेम मेमरीतून काढून टाकला होता. आणि आमचा गेम सेव्ह व्हायचा तो फक्त लेव्हल संपल्यावर.

बाईंनी लोगोकडे बघितलं. फोन पालथा ठेवला. "छान आहे हो गेम," म्हणाल्या, "चित्रं फार सुंदर काढलीयेत." आणि पर्सची चेन लावली.

या 'छान आहे' पासून मी चार हात लांब राहते. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून माणसं काय काय बोलतात! म्हणून 'आवडला का' असं मी कधी विचारत नाही. मी विचारलं, "ताई, घरी असता तर कधी बंद केला असता?"

"मघाशीच," त्या म्हणाल्या. "इथे तुम्ही बोलावलंय म्हणून बसले." मग जरा थांबून, "हरले त्याचं काही नाही हो. तो हवालदार आज ना उद्या जमला असता मला. पण आमच्याकडे फॉर्मवर एक सही राहिली आणि मी माणसाला परत रांगेच्या शेवटी उभं केलं, तर काउंटरवर भांडण होतं. नि तुम्ही तर त्याला स्टेशनवरून परत चालत यायला सांगताय."

संध्याकाळची मीटिंग तापली. डिझायनर गुणी मुलगा आहे, पण 'डार्क सोल्स' या मुद्दाम अवघड केलेल्या गेमच्या पंथातला. "लोकांना सगळं आयतं हवंय," तो म्हणाला. "परत चालत जावं लागतं म्हणूनच मरण्याची भीती राहते. धोका नसेल तर मजा काय?"

म्हणणं अगदीच पोकळ नाही. पण ज्या कंपनीची तो पूजा करतो तिनेच २०२२ च्या एल्डन रिंग या गेममध्ये बऱ्याच मोठ्या बॉसच्या, म्हणजे बलाढ्य शत्रूंच्या, अलीकडे पुतळे उभे केलेत. मेलात की तिथूनच उठायचं, दोन पावलांवर बॉस. बॉस सोपे केलेले नाहीत. फक्त मधली पायपीट काढलीय. हे मी सांगितलं, तर डिझायनर म्हणाला तो ओपन वर्ल्ड, म्हणजे हवं तिथे भटकायचा गेम आहे, वेगळी गोष्ट. प्रोग्रामर मधेच म्हणाला, "अरे, जीटीए व्हाइस सिटी गेममध्ये मेल्यावर दवाखान्याबाहेर टॅक्सी उभी असायची ना, थेट मिशनच्या जागी नेणारी. ते तर २००२ साल."

"आणि हत्यारं? हत्यारं जायची की नाही?" डिझायनर.

"जायची. पण चालायला नाही लागायचं."

व्हाइस सिटीचा विषय निघाला की आमच्याकडे पाच मिनिटं जातातच. त्या बांधकामावर खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने चार बॉम्ब ठेवायचे, तिथे किती जणांची शाळेची सुट्टी संपली वगैरे. ते होऊ दिलं आणि मग रेकॉर्डिंग लावून स्टॉपवॉच धरलं. पायथ्यापासून हवालदारापर्यंत, न पडता, दीड मिनिट. भाषण चाळीस सेकंद. हवालदाराशी प्रत्यक्ष सामना दहा ते पंधरा सेकंद. म्हणजे जी गोष्ट अवघड म्हणून आपण विकतोय ती खेळायला मिळते पंधरा सेकंद, आणि तिच्यासाठी दोन मिनिटांहून जास्त हमाली. बाईंना ज्याचा कंटाळा आला तो भाग अवघड नव्हताच. तो त्यांना येत होता. येत असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावणं याला काठिण्य म्हणत नाहीत. झेल्डा मालिकेतल्या 'ऑकॅरिना ऑफ टाइम' या गेममधलं पाण्याचं मंदिर १९९८ पासून शिव्या खातंय ते बरंचसं याच कारणाने. कोडी चांगली आहेत, पण लोखंडी बूट घालायला आणि काढायला दर वेळी गेम थांबवून मेनूत जावं लागायचं. पुढे २०११ च्या, निन्टेंडोच्या थ्रीडीएस या हातातल्या यंत्रावरच्या आवृत्तीत बूट एका बटणावर आणले. मंदिर तेच राहिलं, कटकट गेली.

"ठीक आहे, चेकपॉइंट देऊ, मेला की तिथूनच उठेल," डिझायनर म्हणाला. "पण भाषण स्किप होणार नाही. तिथे वातावरण तयार होतं."

यावर प्रोग्रामरने घसा खाकरला. मीटिंगमधला सगळ्यात मोलाचा आवाज तो होता. म्हणाला, "स्किप देता येत नाही त्याचं कारण वातावरण नाही. गडाचा आतला भाग तेवढ्या वेळात लोड होतो. जुन्या फोनवर भाषण तोडलं तर जासूद दरवाजातून आत जातो नि खाली जमीनच नसते."

खोलीत शांतता. डिझायनरला हे माहीतच नव्हतं! सुरुवातीला भाषण वीसेक सेकंदांचं होतं. ते पुरेना म्हणून प्रोग्रामरने मागे कधीतरी "जरा वाढव ना" म्हटलं होतं आणि याने कौतुक समजून मजकूर दुप्पट केला होता. धंद्यात हे नवीन नाही. २००७ च्या मास इफेक्ट या गेममधल्या रेंगाळणाऱ्या लिफ्ट याच कामाच्या होत्या. आत उभं राहायचं आणि पुढची जागा लोड व्हायची वाट बघायची. लोकांनी त्यांची इतकी टर उडवली की पुढच्या भागात लिफ्ट गेल्या आणि सरळ लोडिंग स्क्रीन आले. खेळणाऱ्याला जो हेकटपणा वाटतो तो पुष्कळदा असा कुठलातरी जुगाड असतो, आणि कालांतराने टीमलाच त्याचं कारण आठवेनासं होतं.

एकदा खरं कारण टेबलावर आल्यावर उपाय सापडायला वेळ लागला नाही. पहिल्या खेपेला भाषण पूर्ण वाजू दे. तोवर आतला भाग मेमरीत येतो. मेल्यावर तो तिथेच राहील असं केलं, की दुसऱ्या खेपेपासून कोपऱ्यात स्किपचं बटण. बाई जिथे टकटक करत होत्या तिथेच. चेकपॉइंट तटाच्या माथ्यावर, हवालदाराच्या हाकेच्या अंतरावर. फोन आला की गेम मागे जाताना आहे तिथे सेव्ह. उडीला पाच-सहा फ्रेमची सवलत. हिच्यावर डिझायनर जरा कुरकुरला, मग त्याने स्वतः खेळून बघितलं आणि कुरकुर थांबली. भाषणातली दोन वाक्यं त्याने आपणहून कापली. ती कापायची गरज नव्हती, चांगली होती, पण मी बोलले नाही.

अडलं ते प्रॉडक्टवाल्यांपाशी, म्हणजे गेमच्या कमाईकडे बघणाऱ्यांपाशी. पायथ्याशी परत पाठवण्यात त्यांचा जीव होता, कारण तिथे 'जाहिरात बघा आणि मेलात तिथूनच उठा' असं बटण होतं. चेकपॉइंट जवळ आला तर ते कोण दाबणार? शिवाय त्या जाहिरातीची बंद करायची फुली इतकी बारीक, की सकाळच्या मुलाच्या सराईत अंगठ्यानेही दोनदा प्ले स्टोअर उघडलं होतं. ग्राहकांना गंडवणाऱ्या अशा 'डार्क पॅटर्न'बद्दल केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं ३० नोव्हेंबर २०२३ ला आलीत, त्यांत तेरा प्रकार सांगितलेत. हवं ते सापडू नये, नको ते दाबलं जावं अशी मांडणी करणं हा त्यातलाच एक. मी ती यादी मीटिंगमध्येच पाठवली. प्रॉडक्टच्या मुख्य बाई म्हणाल्या की फुली आपली नाही, जाहिरात पुरवणाऱ्याची आहे. मी म्हटलं, अंगठा मात्र आपल्या गेमवर चिडतो.

चेकपॉइंटला शेवटी हो आलं, अर्ध्या खेळाडूंना देऊन आकडे बघायच्या बोलीवर. फुलीचं घोडं तिथेच अडलंय. जाहिरातवाल्यांना मेल गेलाय. उत्तर येईपर्यंत मी प्रत्येक रिपोर्टच्या पहिल्याच पानावर, चुकून दाबल्या गेलेल्या जाहिरातींचे व्हिडिओ हातांच्या कॅमेऱ्यातून कापून लावत राहते. मीटिंगमध्ये ते आवाजासकट वाजवते. माणसं त्या क्षणी जे बोलतात ते लिहून काढता येण्यासारखं नसतं.