बाई फोडणे

आपल्याकडे आमदार फोडतात, नगरसेवक फोडतात आणि कामवाल्या बाया फोडतात. पहिल्या दोघांवर निदान टीव्हीवर चर्चा तरी होते, तिसऱ्यात थेट लिफ्टमधलं बोलणंच बंद होतं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तिसऱ्या आणि पाचव्या मजल्याचं याच कारणावरून वाकडं आहे, ती बाई कधीच दोन्ही घरं सोडून गेली पण अबोला मात्र चालूच.

त्यामुळे शेजारणीच्या बाईला जास्त पैसे देऊन ओढायचं नाही हे मला पक्कं माहिती होतं. प्रश्न आला तो एजन्सीच्या बाईचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा घाईघाईत एका एजन्सीतून मावशी आल्या, रोज दोन तास, केर-फरशी, भांडी, आठवड्यातून एकदा जाळीजळमटं. (मावशी म्हणजे माझ्यापेक्षा चांगल्या आठ वर्षांनी लहान आहेत, पण ते एक असतंच.) पूर्वी खाडे कालनिर्णयवर मांडायचो, आता मावशी रोज सकाळी दारात उभ्या राहून, पदर नीट करून, मागे आमची नेमप्लेट दिसेल असा सेल्फी काढतात आणि एजन्सीला पाठवतात, मगच चप्पल काढतात. नेमप्लेट कापली गेली तर परत काढायचा. एकदा पावसात भिजून आल्या तरी आधी सेल्फी, मग टॉवेल.

तर एक दिवस ओटा पुसता पुसता त्यांनी सहज विचारलं, "ताई, माझे किती घेतात हो तुमच्याकडून?" मी म्हटलं नऊ हजार. फडका थांबला. मग परत सुरू झाला, जरा जोरातच. "मला सहा देतात," एवढंच म्हणाल्या.

आता मधले तीन हजार एजन्सीने फुकट खाल्ले असं मी म्हणणार नाही. पोलीस व्हेरिफिकेशनची कटकट त्यांनी केली, मावशी गावाला गेल्या तेव्हा बदली बाई पाठवली (ती फरशी पुसायची म्हणजे फरशी ओली करायची, पण आली तरी). पण दर महिन्याला तीन हजार? कायमचे? माणूस ओळखून द्यायचे पैसे एकदा घ्यावेत ना. मी करार काढून वाचला, सही करताना अर्थातच वाचला नव्हता. अकरा महिन्यांचा करार, आणि आत बारीक अक्षरात की संबंधित कर्मचाऱ्यास परस्पर कामावर ठेवल्यास दोन महिन्यांचं शुल्क भरावं लागेल. नवऱ्याचा एक वकील मित्र आहे, तो म्हणाला 1872 च्या करार कायद्याच्या 27 व्या कलमाप्रमाणे कोणाला आपला कामधंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दच असतो, म्हणजे मावशींना कोणी बांधून ठेवू शकत नाही, पण तू सही केलीयेस तो पैशाचा मामला वेगळा, त्यात वाद घालता येईल. मला वाद नको होता, मला मावशी हव्या होत्या.

मैत्रिणींचा सल्ला सोपा, एजन्सीला सांग आता गरज नाही, महिनाभर थांब, मग बोलव गुपचूप. सगळे असंच करतात म्हणे. मला ते लग्न पळून जाऊन केल्यासारखं वाटलं. आणि मुख्य म्हणजे या सगळ्या खलबतात मावशींना कोणी विचारलंच नव्हतं. ज्या पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप करून भल्याभल्या घरातल्या बायकांना भांडी घासायला लावली, तिथे आम्ही बसून ठरवतोय की बाई कोणाची.

विचारलं. मला वाटलं खूश होतील. मावशींनी आधी पोछा पिळला, बादली बाजूला ठेवली आणि खाली बसल्या. म्हणाल्या, "गुपचूप नको ताई. माझी नणंद पण तिथंच आहे, तिचं काम जाईल. आणि पोरीच्या फीसाठी मी उचल घेतलीये, ती दिवाळीपर्यंत फिटेल." मग त्यांनीच हिशोब मांडला. करार कार्तिकात संपतोय, तोवर एजन्सीतूनच येणार, मग मी स्वतः त्यांना जाऊन सांगणार, तुम्ही पण फोन करा. मी मोठ्या मनाने म्हटलं, साडेसात देईन. "आठ," मावशी म्हणाल्या. "महिन्याला दोन सुट्ट्या, पगारी. दिवाळीला एक पगार. आणि बदली बाई मी काय पाठवणार नाही, तुमचं तुम्ही बघा." घरेलू कामगार मंडळात नोंदणी केली का विचारलं, 2008 चा कायदा आहे वगैरे मी नुकतंच वाचलं होतं, तर म्हणाल्या केलीये की, कार्ड पिठाच्या डब्यामागं आहे. माझं ज्ञान तिथेच संपलं.

परवा एजन्सीच्या मुलाचा फोन आला, मॅडम सर्व्हिस कशी वाटते, रेटिंग द्याल का. पाच द्यावेत तर मावशींना कुठे बाणेरला वरच्या रेटला पाठवतील, तीन द्यावेत तर त्यांचे पैसे कापतील. मावशी समोरच भांडी घासत होत्या. मी फोनवर हात ठेवून विचारलं. त्यांनी साबणाच्या हाताने चार बोटं दाखवली.