बास लॉग: शब्द तोंडात आला की हात सुटतो

काल रात्री पावणेबाराला डीप पर्पल या रॉक बँडच्या ‘गेटिन टायटर’चं पहिलं कडवं गायलो आणि बास गिटारही वाजवला. एकाच वेळी! दुसऱ्या खेपेला परत तेच, तीन तेरा. पण पहिल्या खेपेचं रेकॉर्डिंग आहे, त्यामुळे हे लिहिण्याचा हक्क मला आहे.

आधी मागच्या रडगाण्याचा निकाल. मूळ गाण्यातला गायक आणि बासवादक ग्लेन ह्यूजचा गळा जिथे हसत-खेळत फिरतो, तिथे माझा काळी एकचा गळा शिडी लावूनही पोचत नाही. म्हणून बास एक पूर्ण स्वर खाली लावला होता. तारा लोंबल्या, जाड तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडायला लागली. दुकानात ‘एकदम जाड सेट’ म्हणून जो गळ्यात मारला तो घरी मोजला, तर नेहमीच्याच जाडीचा, ४५-१०५. नाव घेत नाही, पण आता पाकीट फोडून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही. शेवटी स्टँडर्ड ट्यूनिंगला परत आलो आणि गाणं खालच्या सप्तकात घेतलं. मूळ गाण्याची रया जाते, मान्य. पण सॅडलला, म्हणजे तारांची उंची ठरवणाऱ्या भागाला, पुन्हा हात लावायचा नाही.

आता खरं दुखणं. नुसता बास वाजतो. नुसतं गाणंही होतं. दोन्ही एकत्र केलं की पहिल्या शब्दाबरोबर उजवा हात शब्दाच्या मागे धावतो. जिथे शब्द, तिथेच बोट. घोस्ट नोट (तार दाबून काढलेले, स्वर न उमटणारे ठोके) तर सगळ्यात आधी गायब होतात, आणि त्या गेल्या की फंक संपलं, उरतं ते वरातीतलं धपधप. पर्पलच्याच ‘बर्न’च्या वेळी हे लपून गेलं, कारण कडवी दुसरा गायक कव्हरडेलची, ह्यूजकडे मधला भाग. कडवी मी मित्राच्या गळ्यात घातली होती. ‘गेटिन टायटर’मध्ये लपायला जागा नाही. १९७५च्या ‘कम टेस्ट द बँड’ अल्बममधलं हे गाणं ह्यूज आणि गिटारिस्ट टॉमी बोलिनचं, आणि गातो एकटा ह्यूज.

दोन आठवडे मी त्याचं पर्पलमधलं काम ऐकत बसलो होतो. चूक तिथेच. उत्तर त्याच्या आधीच्या बँडमध्ये, ट्रॅपीझमध्ये होतं. ती बँड सुरुवातीला पाच जणांची. दोघे गेले आणि उरले तिघे: मेल गॅली गिटारवर, डेव्ह हॉलंड ड्रम्सवर आणि हा इंग्लंडमधल्या कॅनकचा पोरगा ह्यूज, बास आणि मुख्य गळा दोन्ही सांभाळत. त्यांचा १९७०चा ‘मेड्युसा’ अल्बम हेडफोन लावून ऐका. तिघांत एक गिटार, त्यामुळे बास थांबला तर खाली खड्डा. एकोणीस वर्षांचा मुलगा थांबत नाही. १९७३मध्ये तो पर्पलमध्ये गेला तो हे अंगात मुरवूनच.

उलट बाजूही तपासली. ब्लॅक सॅबथच्या १९८६च्या ‘सेव्हन्थ स्टार’मध्ये तो फक्त गातो, बास त्याचा नाही. गळा जबरदस्त, वाद नाही, पण मला तो जमिनीवरून चार बोटं वर तरंगताना ऐकू येतो. (सॅबथवाल्यांनी चिडू नये. मुळात तो त्यांचा गिटारिस्ट आयोमीचा सोलो अल्बम व्हायचा होता.) स्वतःच्या बासवर रेलून गाणारा ह्यूज वेगळाच.

म्हणजे बास हा दुसरा हात नव्हेच, ती त्याची लय धरणारी टाळी आहे. हे डोक्यात आलं आणि लहानपणचा तबल्याचा क्लास आठवला. तबल्याला हात लावण्याआधी सर पढंत करून घ्यायचे, हातावर टाळी, तोंडाने बोल. बास बाजूला ठेवला. मूळ स्वराला ‘धा’, घोस्ट नोटला ‘तक’, असे ओळीचे बोल केले आणि टाळी धरून तीन दिवस म्हटले. घरच्यांनी विचारलं, बरं आहे ना? चौथ्या दिवशी बोल मनात आणि शब्द तोंडात. मग बास घेतला, मेट्रोनोम (लयीची टिकटिक देणारं यंत्र) ६०वर, क्लिक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला. काल ८४पर्यंत आलो.

मेट्रोनोमचं फुकट ॲप पुरतं, विकतच्याच्या नादी लागू नका. तसंच ते ऑरेंज कंपनीचं ह्यूजच्या नावाचं जांभळं ॲम्प्लिफायर. दिसतं झकास, पण जांभळ्या रंगाने सम सापडत नाही.

मधल्या फंकच्या भागात अजून अडकतोय. तिथे गायन थांबतं, तर मला विश्रांती मिळायला हवी. पण परत शब्द आला की हात पुन्हा दचकतो. म्हणून ठरवलं होतं की हा भाग सोडून ‘यू कीप ऑन मूव्हिंग’ घ्यायचं. सुरुवातच बासची, चाल संथ. कव्हरडेल-ह्यूजने ते १९७३मध्येच लिहिलेलं, तेव्हाचा गिटारिस्ट ब्लॅकमोरला रुचलं नव्हतं, त्याच्या जागी बोलिन आल्यावर गाण्याला वाट मिळाली. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, त्यात परत दोन गळे. म्हणजे पुन्हा लपायला जागा.

नको. आधी ‘मेड्युसा’च. तिघंच, कुबड्या नाहीत. ड्रमरला आत्ताच मेसेज टाकला, तो म्हणतो रविवारी सकाळी, पण दहाच्या आत नको. तोपर्यंत बोल लिहून काढतो. पहिल्या ओळीत ‘तक’ कुठे बसवायचा यावरच एक पान खोडून झालंय.